छत्तीस चौकटी

निपाणीच्या त्या थेटरात भुताचं पिक्चर लागलं
की वखारीतल्या बाया आठवड्याचा पगार
पदराला बांधून सरळ तिकडंच यायच्या,
तंबाखूची धूळ केसांत, भुवयांत,
आणि पडद्यावरचं बोलणं सगळं कानडी.
कुणाचं काही अडायचं नाही.
एक लांब बोळ, टोकाला दार,
आणि जमिनीलगत सरकत जाणारा कॅमेरा,
मांजर जावं तसा,
किंवा अजून न दिसलेलं कुणीतरी.

बाबालालचाचा ऑपरेटर. मी त्याचा चहा वर न्यायची
आणि भिंतीतल्या चौकोनी भोकाला डोळा लावायची.
"कुठं बघूलालीस? आधी ऐक," तो म्हणायचा.
"आता रातकिडे बंद करतील.
मग घड्याळ.
मग ते फिडल रडतंय ना, तेपण.
सगळे आवाज काढून घेतले
की माणूस स्वतःलाच ऐकाय लागतो."
तेवढ्यात खाली अंधारात कुणी बाई शिंकायची
आणि सातशे माणसं खुर्चीतून उडायची.
चाचा हसायचा, ह्या आवाजाचे पैसे
प्रोड्यूसरनं दिलेले नाहीत.

नायिका दाराकडं जायची. रोज, चारही खेळांना.
पुढच्या रांगेतून ओरडायचे, बागला तगीब्याड!
मागून आमच्या बाया, दार काढू नको गं, सटवे!
दोन्ही भाषांत समजावूनही
ती काढायचीच.

तिसऱ्या दिवशी आकुबाई तिथंच आडवी झाली.
तोंडावर पाणी, नाकाला कांदा.
मॅनेजरनं निरोप धाडला, तेवढं कापून टाक.
चाचानं रीळ मांडीवर घेतलं,
बोटानं मोजल्या, छत्तीस चौकटी,
दीड सेकंदाचं भूत.
कात्री, पातं, सिमेंटचा एक थेंब,
आणि जोड वाळेपर्यंत फुंकर,
पोराच्या गुडघ्याला घालतात तशी.

रात्रीच्या खेळाला दार उघडलं
आणि लगेच सकाळ झाली.
विहीर. कावळा. कलंडलेली घागर.

कुणी किंचाळलं नाही.
मी कान झाकून बसले होते, ते झाकलेलेच राहिले.
आत घेतलेला श्वास सोडायला
कुणी जागाच दिली नव्हती,
तो तसाच घेऊन लोक घरी गेले,
घोळक्यानं, गटाराच्या कडेकडेनं, न बोलता.
दुसऱ्या दिवशी नळावर एक म्हणाली, दात होते की गं,
दुसरी म्हणाली, छे, पाठमोरी होती,
माझ्या सासूसारखी, केस सोडलेली.
आकुबाई हट्टानं परत गेली होती बघायला.
त्यानंतर दोन दिवस ती वखारीत आली नाही.
उंबऱ्यात बसून एवढंच विचारायची,
"परवा दिसलं तरी होतं गा.
आता ते गेलं कुठं?"

थेटर पडलं, तिथं आता कपड्यांचं दुकान आहे.
अक्कोळ रोडला माझी खोली,
मी लग्नांचे व्हिडिओ कापते.
रडणारी आई किती वेळ ठेवायची,
जेवताना तोंड वासलेला चुलता कुठं तोडायचा,
हे मला चांगलं कळतं.

चाचाच्या सुनेनं परवा एक डबी आणून दिली, तपकिरीची.
आत गुंडाळलेली फीत. आंबट वास.
ट्यूबलाइटसमोर धरली:
पावडर फासलेला एक पोटसुटा माणूस,
कापसाच्या भुवया,
मनगटावर घड्याळ काढल्याचा फिका पट्टा,
आणि कडेला, चौकटीत यायला नको होता
असा एका पोराचा हात, चादर ओढून धरलेला.
भूत बिचारं हसू दाबत होतं.
इतकंच होतं तर.
मी एकटीच मोठ्यानं हसले.

मग उगाच, सवयीनं, मोजल्या.
पस्तीस.
नख लावून परत मोजल्या, टोकं तपासली,
कात्रीची धार दोन्हीकडं सरळ.

चाचा मोजणीत कधी चुकला नव्हता.

डबी टेबलावर आहे, झाकण घट्ट बसत नाही.
उद्या बोरगावच्या लग्नाचा व्हिडिओ द्यायचाय,
वरात अजून कापायची आहे,
आणि मी कधीची
हेडफोन काढून बसले आहे.