मिरज स्टँड, रात्री साडेदहा

रत्नव्वा अजून त्याच बाकड्यावर बसते,
मांडीवर भडंगाची पुडी, चष्म्याला दोरा.
वीस वर्षं तिनं पायांवरून ओळखलं:
नव्या चपला, मापाला मोठ्या,
आणि दोन पावलं मागं चालणारी 'मावशी'.
"कुठली गं? आईचं नाव काय?"
एवढ्यावरच मावशीला घाम फुटायचा.
गल्लीतल्या बायांनीच ठरवलेलं,
अठराच्या आतली पोर आपला उंबरा चढणार नाही.
आपल्या वेळी कुणी विचारलं नव्हतं, म्हणून.

आता जतची गाडी येते, रिकामी होते.
घाबरलेलं कुणी उतरतच नाही.
पोरगी घरातच असते,
विश्रामबागेत, क्लासच्या दप्तराशेजारी,
गोधडीत तोंडावर निळा उजेड.
पलीकडचा कुणी
आधी रिचार्ज मारतो, मग कानातले पाठवतो,
मग फोटो मागतो,
मग लॉजचं नाव.

रत्नव्वाला वाचता येत नाही.
परवा नातीसमोर बसली,
मोबाइल पालथा ठेवायला लावला
आणि विचारलं, स्टँडवरच्याच आवाजात,
"ह्या चपला कुणी घेतल्या गं?"

नात पायांकडं बघत राहिली.
कुकरची एक शिट्टी झाली, दुसरी झाली.
रत्नव्वा उठली नाही.