डावा कान

एजन्सीच्या फॉर्मवर मी लिहिलं नव्हतं
की देवळालीच्या तोफांनी माझा डावा कान नेला.
उजव्यात वायरलेस. भागतं.

शर्वाणीला आलेली चौदा पत्रं मला पाठ आहेत:
एकच निळी शाई, 'ळ'ला तीच गाठ.
शेवटच्यात नुसती तारीख. आजची.

गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात सत्कार,
वेलींना दिव्यांच्या माळा, सेल्फीला झुंबड.
मी हात मोजतोय, हातात काय आहे ते.
चेहऱ्यांकडे ती बघते, हसते;
तिला त्याचेच पैसे मिळतात.

साडेनऊला लाईट गेली.
तिने माझी बाही धरली
आणि डाव्या कानाशी येऊन काहीतरी म्हणाली.
मानेला ऊन श्वास लागला.
तीनेक शब्द असावेत.

जनरेटर धडधडला.
शाल-नारळ घेऊन उभा होता एकजण,
शालीखाली नारळ नव्हता.
त्याला मातीत दाबला तेव्हा
त्याच्या खिशातलं पेन फुटलं.
अजून निघत नाहीये तळहाताची शाई.

आता त्र्यंबक रोड, मी गाडी चालवतोय.
आरशात ती, उत्तर बाकी असल्यासारखी.
'तो मागे आहे', असंच म्हणाली असेल.
असेल.
सातपूरच्या सिग्नलला मी वायरलेस काढून ठेवला.
ती डाव्या बाजूला बसलीय.