उंचीचे गुण वजा

टेप मला नवी नव्हती.
अकरा वर्षं गळ्यात आहे. आधी खाली, बेनीच्या सखल ओलसर गावात,
आता इथे एल आल्तोत, चार हजार मीटरांच्याही वर,
जिथे घेवडा शिजायला अख्खी सकाळ जाते
आणि बायकांच्या एका घागऱ्याला आठ वार कापड लागतं.

म्हणून नर्स बेत्साबेनं बत्तिसाव्या आठवड्यात
माझ्या पोटावर टेप ताणली
आणि आकडा वाचून क्षणभर गप्प राहिली,
तेव्हा मीच म्हटलं, "अठ्ठावीस."
दर रविवारी मशीन बंद केल्यावर मीही मापत होते.
भिंतीवर खडूनं लिहिलंय:
सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस.
गिऱ्हाइकाला खोटं माप सांगता येतं. भिंतीला नाही.

मग तिनं फॉर्म काढला.
सिगारेट? मी नाही. नवरा ओढतो, खिडकी उघडून,
पण इथल्या थंडीत खिडकी उघडून उघडणार किती?
दारू? आधी धरणीला शिंपडतात, उरलं तर ओठाला.
बरं, सणाला दोन घोट. तिनं दोन लिहिले.
वय एकोणचाळीस.
आधीचं मूल? एक. तोही मुठीएवढा होता,
कुणी तोललं नव्हतं, आणि तेव्हा मी खालीच होते.
रक्तदाब. तिनं पट्टा बांधला, सोडला,
पुन्हा बांधला.
तो दुसऱ्यांदा बांधला ना, तेव्हाच मला कळलं.

रक्त तेरा आलं. चांगलं की, मी म्हटलं.
ती म्हणाली, इथे उंचीचे गुण वजा करतात.
वजा जाता मी नापास.

सासूनं सातही धडधाकट काढले, याच खोलीत,
चौथा तर बटाटे खणता खणता.
तिच्या खापरपणज्या हवा चघळून खायला शिकल्या असाव्यात.
माझे लोक नदीकाठचे. हवा त्यांना
ओंजळीत मावायची नाही.
"दम खा," सासू म्हणते.
खाल्ला असता. आहे कुठे?

सदतिसाव्या आठवड्यात पोट कापून काढली.
एक किलो नऊशे ऐंशी.
लवकर आली म्हणून लहान असं नाही, बेत्साबेनं समजावलं,
तेवढ्याच दिवसांची शंभर बाळं ओळीत उभी केली
तर ही शेवटच्या दहांत.
उभी? मला हसू आलं. टाके दुखले.

मग त्यांनी वार तोलली.
जन्मभर मी वार मोजत आले,
वार तोलतात हे मला माहीत नव्हतं.
लहानशी, कडेला पांढुरके चट्टे,
इस्त्रीखाली राहून गेलेल्या कापडासारखे.
इस्त्री कुणाची, मी विचारलं.
तुझी नाही, ती म्हणाली, फॉर्मवर तळवा ठेवून.
यातलं एकेकटं कधी पुरतं, कधी पुरत नाही.
यातलं काहीच नसतानाही अशी मुलं होतात.
मला हे पटलं नाही.
अजूनही दुपारी, सुई ओवताना, पटत नाही.

आता ती मशीनजवळच्या खोक्यात झोपते,
धडधड चालू असेल तरच. दोरा तुटला की रडते.
त्यामुळे यंदा कामं वेळेवर होतात.

परवा बेत्साबे आली, हातात पांढरा गणवेश.
कमरेला बसत नाही म्हणाली. पाचवा लागला.
मी टेप घातली. ती छताकडे बघत राहिली,
आम्ही सगळ्याच बघतो तशी.
आकडा मी लगेच सांगितला, मध्ये श्वासही न घेता,
आणि विचारलं, उसवू किती?

"वाढत्या अंगाचं ठेव," ती म्हणाली.