ओरखड्यासकट

हर्णैच्या लिलावात पापलेटचा भाव पुकारायला
माझ्या बापाकडे एक कर्णा होता,
आणि लग्नाकार्याला भाड्याने द्यायला
दोन पेट्या. त्यातल्या एकीच्या स्पीकरचा कागद फाटलेला.
त्याच पेटीवर मी पहिल्यांदा ऐकली
याकूबचाचा बुरोंडकरांची विलायती गिटार.

चाचा बोटीवर तेलवाले.
अडुसष्ट साली टिलबरीच्या गोदीत बोट अठरा दिवस अडकली,
संपामुळे की धुक्यामुळे,
ते दर वेळी वेगळं सांगत.
एका दारूच्या दुकानावरची खोली,
केस वाढवलेली चार पोरं,
आणि आवाज? आमच्या इंजिनरूमचा!
"तिकीट काढून हेच ऐकायचं,
तर मी पगार कशाचा घेतो?"
असं म्हणून हसत. मग बराच वेळ गप्प.

ओव्हरटाइमच्या अकरा तबकड्या
लुंगीत गुंडाळून घरी आल्या.
चाचीने विचारलं, सोनं कुठाय?

आंब्याच्या रिकाम्या पेटीत, पेंढ्यात,
उभ्या ठेवल्या त्या.
दर आगोटीला पेंढा बदलायचा, ते काम माझं.

पुढे कधीतरी कळलं
की त्या पोरांचं दुःख त्यांचं नव्हतंच.
दर्यापलीकडे कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांचं,
बंदरात उतरलेलं, तबकड्यांतून.
पोरांनी उसनं घेतलं, वीज लावली,
घराएवढं मोठं केलं.
मला नवल वाटलं नाही.
आमच्याकडे साखरही उसनी आणतात,
पण वाटी परत करताना शीग लावून भरतात.
ती वाटी कापसाच्या शेतापर्यंत पोचली का,
हे चाचांनाही ठाऊक नव्हतं.

एका तबकडीवर सतार होती.
आपलीच, पण धुरकट, उलट्या पावलांची,
पहिल्या माहेरपणाला आलेली मुलगी
सासरच्या बोलीत बोलावी तशी.
बाप म्हणाला, तबकडी बिघडली.
चाचा म्हणाले, नाही रे, मुद्दाम.
मुद्दाम!
हा शब्द बापाला आयुष्यभर पुरला.
मांडवात पेटी खरखरली
की नवरीच्या मामाला तो हेच सांगायचा.

चाचा गेले. कुवेतहून अश्फाकचा फोन,
विकून टाक सगळं.
पुण्याहून एक जण आला, हातात मोजे, खिशात भिंग.
पहिल्या छपाईची, म्हणाला,
लाखाच्या घरात जाईल.
मग तबकडी उजेडात तिरकी धरली,
आपण मासळीचा डोळा बघतो तशी,
आणि खाली ठेवली.
"ही वाजवलीय."
हो, म्हटलं.
"खूपच वाजवलीय."
आणि इथे हा ओरखडा कसला?
चाचीच्या बांगडीचा, मी सांगितलं.
दहा वर्षांनी आलं शेवटी सोनं,
त्याच ईदला, पुसता पुसता.
त्याने चहा घेतला नाही.

अकराच्या अकरा आता माझ्या दुकानात.
चाचांची नात तस्कीन दुपारची यायची,
कुणाची तरी जुनी गिटार घेऊन,
सुई ठेवायची, ऐकायची, बोटं शोधायची.
ओरखड्यापाशी सुई मागे उडते,
तीच ओळ पुन्हा, अर्धीच,
मग कशीबशी पुढे.

परवा दापोलीला कॉलेजात त्यांची तालीम.
सामान माझं, म्हणून मी गेलेलो.
तस्कीन त्या जागी आली
आणि मागे उडाली. अर्धी ओळ. मग पुढे.
ड्रमवाला थांबला. चुकलीस, म्हणाला.
तिने मान वर केली नाही.
"असंच आहे ते."

मी मागे बसून
फाटक्या पेटीच्या कागदाला डिंक लावत होतो.
बोट पुसलं शर्टाला.
राहू दिलं.