दुसऱ्या सत्रातल्या चिठ्ठ्या

दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा
सातवीच्या हजेरीत बेचाळीस नावं असतात
आणि बाकांवर एकोणीस पोरं.
उरलेली अनेरच्या पलीकडे, कपाशीत,
कमरेला ओटी बांधून.

पालक सभा ठेवली. शनिवार, सकाळी अकरा.
चहा सांगितला वीस कप.
आले तिघे. त्यातले एक पोलीस पाटील,
त्यांचं पोर आमच्या शाळेत नाहीच.
चहा गार झाला, थंडीही तशीच होती.

मग ग्रुपवर टाकलं.
निळ्या खुणा पाच.
बरेच मोबाईल बापांच्या खिशात, सुरतेला.
पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर कागद लावला,
दोन दिवसांत पिठाने अक्षरं बुजली.
गिरणीवाले वेडूनाना म्हणाले,
मॅडम, इथं सगळे येतात, पण कान झाकून.

शेवटी चिठ्ठ्या.
पाठकोऱ्या कागदावर, रात्री, गोधडीत पाय घालून,
एकेका पोराच्या वहीला टाचायच्या.

*तेजल नऊ दिवस आली नाही.
अपूर्णांकात अडते. सहामाहीत गणिताला अकरा.
घरी अर्धा तास तरी अभ्यासाला बसवा.
वाचून सही करावी.*

सही यायची.
शाईचं पॅड कुठलं घरात,
चुलीच्या काजळीत बुडवलेला अंगठा,
रेघ न् रेघ स्पष्ट.
मी ते कागद फायलीत लावायचे.
वाटायचं, पोचलं.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात
कोळ्यांच्या मळ्यात भरीत होतं.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी, साल काळी, आत लोणी,
आणि बडगीत घाव घालत तेजल.
तिची आई कोकिळाबाई माझा हात धरून म्हणाली,
"मॅडम, तुमी चिठ्ठीमा कितलं गोड लिखतस!
मनी पोर वाचीसन सांगस,
मी दोनदा ऐकस."

काय ऐकता, विचारलं.
तिला पाठ होतं.
तेजलवाचून वर्गाचं अडतं.
गणिताच्या तासाला अकरा वेळा टाळ्या पडल्या.
अशी मुलगी नशिबानं मिळते.

बडगीतला घाव थांबला.
हिरव्या मिरचीचा ठसका सगळ्यांनाच लागला होता,
म्हणून कोणाचे डोळे कशानं भरले
हे विचारायची सोय नव्हती.
मी म्हटलं, हो. तसंच लिहिते मी.
घाव पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

जेवताना कळलं,
मापाडी सतरा किलो म्हणाला होता परवा.
काटा साडेसतरावर होता.
तेजल त्याच्यासमोर उभी राहिली:
साडेसतरा बारे दोनशे दहा.
सहा रुपयांसाठी अख्खी रांग थांबवली पोरीनं.
हे मला कोणी कळवलं नव्हतं.
कळवायचं कुठे? आमच्या चिठ्ठीला
उत्तरासाठी जागाच नसते,
फक्त सहीपुरती रेघ.

त्या रात्री फाईल काढली.
बेचाळीस घरांचे अंगठे.
किती चिठ्ठ्या वाटेत बदलल्या असतील,
कुठल्या पोरानं रागावणं गिळून
आईला काय भरवलं असेल, देव जाणे.
लिहिताना मी आईबापांना लिहीत होते,
वाचणारं मात्र तेरा वर्षांचं होतं,
कंदिलाजवळ, स्वतःविषयीची तक्रार हातात घेऊन.

नवी चिठ्ठी चार वेळा खोडली.

*साडेसतराला बारानं गुणणारी मुलगी
अपूर्णांकात अडत नाही.
अडले होते ते मी.
तिला सोमवारी पाठवा, बाकीचं आम्ही दोघी बघू.
पुढची सभा शाळेत नाही,
तुमच्या बांधावर, दिवेलागणीला, वेचणी सुटल्यावर.
तुमचं काय म्हणणं आहे ते खाली लिहवून घ्या.*

आणि कागदाचा अर्धा भाग कोरा ठेवला.

सोमवारी वही आली.
कोऱ्या भागात काजळीचा अंगठा, नेहमीसारखा.
शेजारी कोकिळाबाईंचं म्हणणं:
सभेला या, कळण्याची भाकरी करते.
आणि अगदी तळाशी, पेन्सिलीनं, बारीक,
पुसायला सोपं जावं असं:

मॅडम, ही मी जशीच्या तशी वाचली.