तिसरा सिलेंडर

वादी कबीरला, दुपारी,
शटर अर्धं ओढून आम्ही हेड उतरवलं.
तिसऱ्या सिलेंडरच्या भिंतीवर उभा ओरखडा.
नख फिरवलं. अडकलं.

नख अडकलं की बोअर करायचं,
हे परकारचाचांनी शिकवलेलं.
नाहीतर शारजाहून जपानी इंजिन येतं,
लाकडी पेटीत, तेलकट, कुणाचं कोण जाणे.
सहाशे रियाल, चार दिवसांत गाडी रस्त्यावर.
रीबिल्डचे नऊशे, आणि पिस्टन कधी येतील
ते अल्लाला नि कुरिअरवाल्याला ठाऊक.

खलफान ऐकत होता, ऐकत नव्हता.
सुप्रा त्याच्या भावाची.
सूरच्या रस्त्यावर रात्री
दोनशेवीसला टेकलेला काटा
भाऊ त्याला बोटाने दाखवायचा,
स्टिअरिंगवरचा हात काढून.

"नंबर बदलेल?"
ब्लॉकवरचा. मुल्कियेत लिहिलेला.
बदलेल, म्हटलं.

तो वाकला. ग्रीसखालचे आकडे
चाचपत राहिला, अंधारात
किल्ली शोधावी तसा.
मग माझ्याकडे न बघता :
"तुझं नख पुन्हा लाव बघू."

लावलं.
अडकलंच.
म्हटलं, पाव मिलिमीटर खरवडलं की निघेल.

एवढंच ना, म्हणाला,
आणि हात पुसायला दिलेलं फडकं
तसंच धरून उभा राहिला.