उजवा कान

मंगळवारी सकाळी, दूध काढून झालं की
मी गायींचे कान मोजतो,
म्हणजे कानातल्या गोचिडी.
वहीत तीन रकाने: नाव, डावा, उजवा.
डाव्याला तेल. उजवा कोरडा.
तुलना हवी, म्हणाले सर,
नाहीतर तेलाचा गुण कळायचा कसा?

तेल इथलंच.
आर्वीपलीकडच्या माळावर दिवाळीच्या सुमारास
रोशा गवत कंबरेला लागतं, लालसर तुऱ्याचं.
चुरगाळलं की बोटांना दिवसभर
गुलाब आणि आलं यांच्या मधला कुठलासा वास.
धनराजच्या भट्टीत ते भाऱ्या-भाऱ्यानं शिजतं,
नळीतून थेंब थेंब उतरतं,
बैलगाडीभर गवताच्या दोन बाटल्या.
करंजीच्या तेलात मिसळायचं, मापानं.
नुसतं लावलं तर कातडं पोळतं,
हे आधी माझ्याच मनगटावर कळलं.

गवळाऊ गाय पांढरी असते म्हणून बरं.
कानाच्या आत, गुलाबी शिरांच्या जाळ्यात
रक्त पिऊन टच्च फुगलेली गोचीड
एरंडीच्या बीसारखी चकचकीत दिसते,
आणि आपल्या जागी इतकी निश्चिंत
की तिचा राग यायला थोडा वेळ लागतो.

पहिला मंगळवार. बगळी: डावा एकवीस, उजवा एकोणीस.
दुसरा: डावा बारा, उजवा बावीस.
सर फोनवर "वा" म्हणाले.
तिसरा: डावा सात, उजवा आठ.

मी पुन्हा मोजलं.
बॅटरी लावून मोजलं.
बगळी मान झटकत राहिली,
शेपटी एकदा माझ्या चष्म्यावर.
उजवा कान उलटून पाहिला तर आत
ओल, आणि तोच वास.

गेंदाबाई शेण भरत होती.
टोपलं खाली न ठेवताच म्हणाली,
"मीच लावलं.
डावा बरा झाला त उजवा खांबाले घासे.
रातभर घासे.
तुले का, तू मंगळवारी येतं.
माही बाज इथंच हाय."

मी म्हटलं, मावशी, प्रयोग बिघडला ना.
तिनं बगळीकडे पाहिलं, बिघडलेलं काही दिसतं का म्हणून.
"कान दोन हायेत. गाय त एकच हाय ना बाप्पा."

खुंटीवर एक दावं आहे, आखूड, कालवडीचं.
गेल्या साली पिकावरचं औषध अंगावर फवारलं,
गोचिडी पटापट गळल्या,
आणि ती स्वतःला चाटत बसली.
त्याबद्दल गेंदाबाई बोलत नाही.
दावं काढतही नाही.

या तेलाचा वास पाच-सहा दिवसांत उडतो.
पुन्हा लावावं लागतं,
पुन्हा कान हातात धरावा लागतो, उलटा, उन्हाकडे.
सरांच्या मते हा त्याचा दोष.
मीही तसंच लिहिलं होतं, पान चारवर.

खाली गळलेली एक गोचीड कोंबडीनं टिपली.
ती माझ्या कुठल्याच रकान्यात नाही.

पेन झटकलं. लिहिलं:
बगळी. डावा सात. उजवा आठ.
पुढे शेऱ्याची जागा होती, बोटभर.
तिथे लिहिलं: गेंदाबाई.